आईच्या नव्या फोनवर ‘हरवला तर सापडेल’ अशी सोय कशी करावी? आधीचा गेला तेव्हा खातं दुकानदाराचं निघालं

वाडीतली_पोर

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे, पण आधी काय झालं ते सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्याला सोपं जाईल.

आई अकोले तालुक्यातल्या एका वाडीवर अंगणवाडी सेविका आहे. मी नाशिकला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, महिन्यातून एखाद्या रविवारी घरी जाते. आईचं सगळं काम आता फोनवर आलंय. मुलांचं वजन-उंची, हजेरी, कोणाला आहार दिला, गरोदर बायांच्या नोंदी, सगळं ॲपमध्ये. शिवाय रजिस्टरंही आहेतच, ती काही सुटली नाहीत.

मागच्या महिन्यात मीटिंगला म्हणून राजूरहून एसटीने अकोल्याला निघाली. फोन रजिस्टरांच्या कापडी पिशवीत, पिशवी मांडीवर. स्टँडला उतरली, चालत ऑफिसात गेली, मॅडमनी आकडे विचारले तेव्हा पिशवीत हात घातला तर फोन नाही. बरोबरच्या सेविकेच्या फोनवरून तिने मला लावला. पाठ असलेले नंबर दोनच, एक माझा आणि एक मामाचा. मी लगेच तिच्या नंबरवर फोन केला. पहिल्यांदा पूर्ण रिंग गेली. दुसऱ्यांदा मध्येच कट झाला. तिसऱ्यांदा ‘बंद आहे’. त्या कट झालेल्या कॉलनेच कळलं की फोन सीटखाली पडलेला नाही, कोणाच्या तरी हातात आहे. कंडक्टर भला माणूस, त्याने परतीच्या फेरीआधी सगळ्या सीटा वाकून पाहिल्या. काही नव्हतं.

मला वाटलं, गूगलवरून शोधता येतं की. बसले लॅबच्या कॉम्प्युटरवर. आईला विचारलं, तुझा मेल आयडी काय? ती म्हणाली, मेल म्हणजे? फोन घेताना दुकानदाराने ‘मी टाकून देतो’ म्हणून स्वतःच खातं बनवलं होतं. त्याला फोन केला तर म्हणे, ‘ताई, दिवसाला पाच-सात फोन जातात, कोणतं खातं कोणाला टाकलं ते कुठं लक्षात राहणार?’ दुकानाचं नाव सांगत नाही, उपयोग नाही. पण ते दीड वर्षाचे फोटो, आजी गेली त्याआधीचे तिचे दोन व्हिडिओ, सगळं त्या बेवारस खात्यात पडून आहे आणि आम्ही दाराबाहेर.

आता नवीन फोन घेतलाय, अँड्रॉइडच, बारा हजारांचा. अजून खातं टाकलेलं नाही. मुद्दाम रिकामा ठेवलाय. या रविवारी जाऊन नीट सगळं करायचंय. तर विचारायचं हे:

खातं माझ्या नावाने टाकू की तिच्या? ओटीपी हरवलेल्याच फोनवर येणार असेल तर मी आत शिरणार कशी? वाडीत रेंज एका खिडकीत नि एका ओट्यावर, मग ही सोय तिथे चालते का? आणि शेवटचं, आईने विचारलेलं: ‘म्हंजी मी कुठं जाते ते तुला तिकडं दिसत राहणार का?’ मी हसले, पण ती हसत नव्हती.

सोल्डर_दादा

ताई, संगमनेरला माझं दुरुस्तीचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. तुमच्या आईच्या फोनचं जे झालं ते आमच्या धंद्यात रोज होतं. गिऱ्हाईक काउंटरला उभं, मागे चार जण खोळंबलेले. ‘जीमेल आहे का?’ ‘नाही.’ ‘बरं, टाकतो.’ नाव, कसलीही जन्मतारीख, दुकानाचा ठरलेला पासवर्ड, झालं. मीही केलंय, खोटं कशाला बोलू. एक आजोबा रिसेट झालेला फोन घेऊन आले आणि फोन जुनं खातं मागत बसला, तेव्हापासून बंद केलं. आता मी कागद पुढे करतो, पासवर्ड तुम्ही लिहा, मी बघत नाही.

म्हणून पहिलं उत्तर: खातं आईच्याच नावाने आणि पासवर्ड आईला पाठ असलेला. तुमच्या नावाने टाकाल तर तुमचे फोटो, तुमचे कॉन्टॅक्ट तिच्या फोनवर जातील आणि एक दिवस ती काहीतरी डिलीट करेल तर तुमचंही उडेल. असं माझ्यासमोर घडलंय, मायलेकी दोन आठवडे बोलत नव्हत्या.

ओटीपीचा प्रश्न तुम्ही बरोबर पकडलात. नव्वद टक्के लोक तिथेच अडकतात. फोन गेला, पासवर्ड आठवतोय, पण गूगल म्हणतं ‘तुमच्या फोनवर आलेल्या सूचनेवर हो म्हणा’. फोन चोराच्या खिशात! त्यासाठी खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन दुसरा नंबर म्हणून तुमचा नंबर घाला. आणि तिथेच ‘बॅकअप कोड’ मिळतात, आठ आकड्यांचे दहा कोड. एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवा, फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका. हसू नका, लोक ठेवतात.

आता सेटिंग. आधी स्क्रीनला पिन लावा. आई म्हणेल कटकट आहे, तरी लावा, कारण पिन नसेल तर ऑफलाइन शोधायची सोयच चालू होत नाही. मग सेटिंग्जमध्ये ‘गूगल’ म्हणून जो भाग आहे तिथे ‘फाइंड हब’ सापडेल. २०२५ च्या मेपर्यंत याचंच नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’ होतं, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून शोधाल तर गोंधळाल. ते चालू करा. त्याच्या आत ‘ऑफलाइन डिव्हाइस शोधा’ अशा अर्थाचा पर्याय आहे, खरी गंमत तिथे.

हे चालतं कसं ते सांगतो. फोनला नेट नसलं तरी ब्लूटूथवरून तो बारीक इशारा सोडत असतो. आजूबाजूने जाणारे दुसरे अँड्रॉइड फोन तो इशारा टिपतात आणि ‘इथे होता’ एवढं गूगलला कळवतात, तेही कुलूपबंद करून. ज्याचा फोन गेलाय त्यालाच ते उघडता येतं, आणि कधी कधी उघडताना हरवलेल्या फोनचा पिन विचारतात. म्हणजे आईच्या स्क्रीनचा पिन तुम्हालाही माहीत हवा.

इथे तुमच्या वाडीचा मुद्दा येतो. कंपनीकडून येताना हे ‘फक्त गर्दीच्या ठिकाणी’ वर लावलेलं असतं. म्हणजे एकाच जागी अनेक फोनांनी इशारा टिपला तरच ठिकाण दाखवायचं. अकोल्याच्या स्टँडवर, संगमनेरच्या बाजारात ठीक. वाडीच्या वाटेवर दिवसाकाठी एखादा फोन जाणार, तो एकटा काय साक्ष देणार? म्हणून ते ‘सर्व ठिकाणी’ करा. ब्लूटूथ आणि लोकेशन चालू राहायला हवं. बायका बॅटरी वाचवायला लोकेशन बंद करतात, त्यांना सांगा की त्याने काही फार वाचत नाही.

एवढं करूनही फोन पूर्ण बंद केला तर शेवटचं दिसलेलं ठिकाण तेवढं दिसेल. बंद फोन शोधणारी मॉडेलं आहेत, पण बारा हजारांत नाही. म्हणून आणखी दोन गोष्टी बघा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये बंद करताना पासवर्ड मागायची सोय असते, असेल तर लावा. आणि लॉक स्क्रीनवरून वरची पट्टी ओढून विमान मोड लावता येऊ नये अशीही सेटिंग काहींत मिळते. चोर पहिल्या मिनिटात तेच करतो. तुमच्या कट झालेल्या कॉलनंतर तेच झालं.

गूगलच्याच भागात ‘थेफ्ट प्रोटेक्शन’ आहे, त्यात ‘रिमोट लॉक’ चालू करून ठेवा. पासवर्ड आठवला नाही तरी नुसत्या मोबाइल नंबरवर वेबसाइटवरून स्क्रीन लॉक होते. फोनला नेट मात्र हवं.

डबा फेकू नका. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, त्यावर असतो, किंवा डायलरमध्ये स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा. पंधरा आकडे, दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर. दोन्ही लिहा.

कर्जत_लोकल

वरच्या दादांनी ‘आधी’चं सांगितलं, मी ‘नंतर’चं सांगतो, कारण मी दोनदा गमावलाय.

क्रम चुकवू नका. घाबरून लोक पहिलं ‘इरेज’ दाबतात. एकदा पुसला की नकाशावरून गेला, परत शोधता येत नाही. आधी वाजवून बघा, सायलेंटवर असला तरी पूर्ण आवाजात पाच मिनिटं वाजतो. मग लॉक करा, स्क्रीनवर संदेश आणि दुसरा नंबर टाकता येतो. पुसणं सगळ्यात शेवटी. दुसऱ्याच्या फोनवरून शोधताना ॲपमध्ये ‘गेस्ट’ म्हणून शिरा, नाहीतर तुमचं खातं त्याच्या फोनवर कायमचं बसेल.

त्याच वेळी दुसऱ्या कोणालातरी बँकेला आणि सिम कंपनीला फोन करायला बसवा. यूपीआय बंद करणं हे फोन शोधण्याइतकंच घाईचं आहे. माझे दोन हजार तेवढ्यात गेले. पैसे गेले तर सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर लगेच तक्रार.

मग पोलिसांकडे हरवल्याची नोंद, त्याच नंबरचं नवं सिम आणि सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर सीईआयआरमध्ये (हरवलेले फोन ब्लॉक करायची सरकारी यंत्रणा) आयएमईआय ब्लॉक. हे पोर्टल २०२३ च्या मेपासून देशभर आहे, पण आपल्याकडे महाराष्ट्रात सीईआयआर २०१९ मध्येच आलं होतं. ओटीपी लागतो म्हणून नवं सिम आधी. २४ तासांत फोन कुठल्याही सिमवर निकामी होतो आणि कोणी सिम घालून बघितलं तर पोलिसांना माग लागतो. सापडला की ब्लॉक काढता येतो. ट्रेनमध्ये गेला असेल तर रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनवरही सांगा, २०२५ पासून रेल्वे सुरक्षा दलही सीईआयआरशी जोडलेलं आहे. ताई, जुन्या फोनचा डबा असेल तर आजही ब्लॉक करा, तो अजून कोणीतरी वापरत असेल.

दुसरा फोन माझा आयफोन होता. ‘लॉस्ट मोड’ लावून स्क्रीनवर बायकोचा नंबर टाकला. चौथ्या दिवशी तिला मेसेज: तुमचा फोन सापडला आहे, ठिकाण बघण्यासाठी इथे दाबा. हुबेहूब खरं दिसणारं पान, आणि त्यात पासवर्ड मागितलेला. चोराला आयफोन विकता येत नाही तोवर जोवर तो तुमच्या खात्यातून सुटत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. बायकोने पासवर्डाच्या जागी एक अस्सल रायगडी शिवी टाइप केली. खात्यातून फोन काढून टाका असं फोनवरून सांगणाऱ्याचंही ऐकू नका.

आणि नकाशावर टिंब दिसलं म्हणून एकटे धावू नका. पहिल्या फोनचं टिंब एका चाळीवर होतं. टिंबाभोवती जे निळं वर्तुळ असतं ते म्हणजे ‘या घेऱ्यात कुठेतरी’. घेऱ्यात चाळीस खोल्या. मी शहाणपणा करून तीन दारं वाजवली, चौथ्या दारातल्या माणसाने कॉलर धरली. त्याचा काही संबंध नव्हता. हवालदार म्हणाले, आम्हाला दाखवायचं होतंस.

निवृत्त_मास्तर

एवढं यंत्रशास्त्र वाचून मला धाप लागली. माझ्या फोनच्या कव्हरात आतल्या बाजूला चिठ्ठी आहे, मुलीचा नंबर आणि ‘आणून दिल्यास चहा व २०० रुपये’. तीन वेळा विसरलो, तीन वेळा परत आला, एकदा तर रसवंतीवाल्याने चहा नको म्हणून सांगितलं. चोरापुढे चिठ्ठी चालणार नाही हे कबूल. पण हरवणाऱ्यांत आमच्यासारखे विसरणारेच जास्त.

तुमच्या आईचा शेवटचा प्रश्न मात्र कोणी घेतला नाही. तो बरोबर आहे. खातं तिचं असेल, पण पासवर्ड लेकीकडे असेल तर लेक वाटेल तेव्हा पाहू शकते. तिला सांगून करा.

सोल्डर_दादा

मास्तर, पटलं. ताई, असं करा: पासवर्ड फक्त आईकडे, ओटीपीचा दुसरा नंबर आणि ते कोड तुमच्याकडे. म्हणजे फोन हरवला तर दोघी मिळूनच उघडायचं.

इअरबड_गमावलेला

घुसखोरी करतो, माफी. एका कानातलं बड हरवलं तर हेच चालतं का? आणि लॅपटॉप?

सोल्डर_दादा

बडचं शेवटचं जोडलेलं ठिकाण दिसतं, काही मॉडेलं वाजवताही येतात, पण केसमध्ये ठेवून केस बंद केली असेल तर आवाज कुठून येणार. विंडोज लॅपटॉपला सेटिंग्जच्या प्रायव्हसी भागात ‘फाइंड माय डिव्हाइस’ आहे, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन हवं. नेटला जोडला तरच दिसणार, म्हणून फार आशा धरू नका. लॅपटॉपमध्ये शोधण्यापेक्षा डिस्कला कुलूप (एन्क्रिप्शन) आहे का ते बघा. पिशवीत टाकायचे टॅग मिळतात, त्यात जीपीएस नसतं, सिम नसतं, बटणाएवढा सेल आणि तेच ब्लूटूथ. शहरात उपयोगी, डोंगरात शोभेचे.

वाडीतली_पोर

सगळ्यांचे आभार. रविवारी जाऊन आले, काय झालं ते सांगते.

खातं आईच्या नावाने केलं. पासवर्ड तिने स्वतः ठरवला, मला पाठ फिरवून बसायला लावलं. तेवढं कळलंय की त्यात आमच्या म्हशीचं नाव आहे. माझा नंबर दुसरा म्हणून टाकला. दहा कोड मी घेतले, लॅबच्या डायरीत आहेत. ‘सर्व ठिकाणी’ केलं. पट्टी ओढायची सेटिंग या फोनमध्ये सापडली नाही, बंद करताना पासवर्डची सापडली. जुन्या फोनचा डबा मामाच्या माळ्यावर निघाला, नवं सिम तर झालंच होतं, नोंदीचा कागदही होता, म्हणून ब्लॉकचा अर्ज टाकला. अजून काही कळलेलं नाही.

मग चाचणी. फोन आईने मुद्दाम तांदळाच्या कोठीत लपवला. मी ओट्यावर बसून वाजवला. काही नाही. कोठीत रेंजच नव्हती. बाहेर काढून खिडकीत ठेवला तसा दोन मिनिटांनी आपोआप बोंबलायला लागला. आई म्हणाली, याला अक्कल उशिरा येते.

हे सगळं लिहिणार नव्हते, पण काल एक प्रकार झाला. संध्याकाळी साडेपाचला अनोळखी नंबरवरून फोन. आई, शेजारच्या काकूंच्या फोनवरून. ‘अगं, फोन सापडना. वाजव.’ मी सॅम्पल बाजूला ठेवले, हातमोजे काढले, पासवर्ड विचारला. तिने सांगितला. मोठ्याने, अक्षर न् अक्षर, म्हशीच्या नावासकट, काकू आणि काकूंची सून शेजारी उभ्या असताना. ओटीपी माझ्याकडे आला, वाजव दाबलं. इकडे मला पलीकडून फक्त आईच्या चपलांचा आवाज. ती बोलत बोलत अंगणवाडीकडे चालली होती. मग लांबून बारीक रिंग ऐकू यायला लागली आणि हळूहळू मोठी झाली. रेंज मिळते म्हणून वर्गाच्या खिडकीत ठेवला होता आणि कुलूप लावून ती घरी गेली होती. चावी मदतनीस ताईंकडे, त्या माळावर शेळ्या आणायला गेलेल्या. आई बंद दाराबाहेर उभी, आत फोन ओरडतोय, आणि रस्त्याने जाणारी पोरं विचारतायत, बाई, शाळेत कोण आहे?

आज सकाळी पहिला फोन तिचा: ‘पासवर्ड बदलायचाय, कसा बदलायचा ते सांग. सगळ्या वाडीला म्हशीचं माहीत झालं.’